न धावणारे ‘रन’

इंग्रजी शिकणाऱ्याला ‘रन’ म्हणजे धावणे हा अर्थ अगदी पहिल्या धड्यांत सांगितला जातो, आणि तो बरोबर असूनही पुढे कित्येक वर्षे त्याची दिशाभूल करत राहतो. पुढे जे इंग्रजी त्याच्या वाचनात येते, त्यात नदी, नाक, रस्ता, कारखाना, नाटक, करार आणि संगणकातला प्रोग्रॅम हे सगळेच ‘रन’ होत असतात आणि यांपैकी एकालाही पाय नसतात. प्रत्येक ठिकाणी ‘धावणे’ घालून पाहिले की वाक्य हास्यास्पद होते, आणि मग शिकणारा ‘इंग्रजीला काही नियमच नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो.

या शब्दाचा पसारा किती मोठा आहे, हे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या इतिहासावरून लक्षात येते. हा कोश १८८४पासून भागाभागाने प्रसिद्ध होत १९२८मध्ये पूर्ण झाला आणि त्याची २० खंडांची दुसरी आवृत्ती १९८९मध्ये निघाली. त्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. तिच्यात चारशेहून अधिक अर्थछटा दिल्या होत्या. पुढे कोशाची नव्याने उजळणी सुरू झाल्यावर मात्र ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकले. पीटर गिलिव्हर या कोशकाराने केवळ या एका क्रियापदावर नऊ महिन्यांहून अधिक काळ काम केले आणि अर्थांची संख्या ६४५वर गेली. अर्थात असे आकडे थोडे बेताने घ्यावेत. नदी ‘रन’ होते आणि नळ ‘रन’ होतो, हे दोन अर्थ मानायचे की एकच, हे शेवटी कोशकाराच्या स्वभावावर ठरते. काही जण एकत्र बांधणारे असतात, तर काही जण बारीक चिरणारे. तरीही ज्या शब्दाबाबत असा वाद घालायला एवढी सामग्री मिळते, तो साधा शब्द नव्हे.

या गुंत्याची एक किल्ली शब्दाच्या जन्मातच आहे. प्राचीन इंग्रजीत दोन निराळी क्रियापदे होती. ‘रिनन’ म्हणजे धावणे, पण त्याचबरोबर वाहणेही. ‘ॲर्नन’ म्हणजे घोडा दौडवणे, धावून गाठणे. काळाच्या ओघात ही दोन्ही एकाच रूपात मिसळली. जर्मन भाषेने मात्र त्यांची भावंडे वेगळी ठेवली आहेत. तिथे आजही ‘रिनेन’ म्हणजे पाझरणे किंवा वाहणे आणि ‘रेनेन’ म्हणजे धावणे. नाक, नळ, नदी, धुण्यात सुटलेला कपड्याचा रंग, या सगळ्यांना इंग्रजीत एकच क्रियापद का चालते, याचे उत्तर इथे मिळते. वाहण्याचा अर्थ मागाहून ओढूनताणून चिकटवलेला नाही, तो मुळातच होता. दुसरा धागा प्रयोजकाचा आहे. आपण ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ यांत एका ‘व’ने फरक करतो, इंग्रजीत तो फरक रूपातून पुसला गेला आहे, म्हणून यंत्रही ‘रन’ होते आणि यंत्र चालवणारा माणूसही ‘रन’च करतो.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या शब्दाने आपल्या बहुतेक अर्थांतून घाई टाकून दिली आहे. वेग उरला नाही, सातत्य तेवढे उरले. कंपनी ‘रन’ होते म्हणजे ती वेगाने कुठे जाते असे नव्हे, तर खंड न पडता तिचे काम होत राहते. ‘तीन दिवस रनिंग’ म्हणजे सलग तीन दिवस. गिरण्या, इंजिने आणि आगगाड्या आल्यावर सतत हलत राहणाऱ्या वस्तूंसाठी एक क्रियापद हवेच होते, आणि हे आयते तयार होते.

मराठीत नेमके हेच काम ‘चालणे’ करते. घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, नाटकाचे प्रयोग चालतात, एखादा गुण घराण्यात चालत येतो. इंग्रजीत या सर्व ठिकाणी ‘रन’ बसतो. म्हणजे इंग्रज जिथे धावतो, तिथे मराठी माणूस चालतो, आणि खरे तर दोघेही पाय विसरून गेलेले असतात. उलट आपले ‘धावणे’ घाईला अजून घट्ट धरून आहे. धावती भेट म्हणजे घाईची भेट, धावता आढावा म्हणजे वरवरचा आढावा. इंग्रजीतली ‘रनिंग टोटल’ मात्र घाईची बेरीज नसते, ती प्रत्येक नव्या रकमेबरोबर पुढे सरकत राहणारी बेरीज असते. ‘धावते समालोचन’ हा शब्द इंग्रजीवरून घडवला गेला तेव्हा तिथले सातत्य आपल्या कानाला वेग म्हणूनच ऐकू आले असावे, आणि रेडिओवरचे समालोचन ऐकले की तो गैरसमज वावगाही वाटत नाही.

काही प्रयोग मात्र सरळ गमतीचे आहेत. क्रिकेटमधला चौकार सीमेपार गेला की फलंदाज जागेवरून न हलताही त्याच्या नावावर चार ‘रन’ जमा होतात. जुन्या काळी काठीवर खाच पाडून ही मोजणी होत असे आणि एका धावेला ‘नॉच’, म्हणजे खाचच, म्हणत. ठेवीदार घाबरून एकाच वेळी आपले पैसे काढायला लोटले की त्याला बँकेवरचा ‘रन’ म्हणतात. सप्टेंबर २००७मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेबाबत तसे झाले, तेव्हा लोक तिच्या शाखांबाहेर शिस्तीत रांगा लावून उभे होते. निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ होतो, तर ब्रिटनमधला परंपरेने ‘स्टँड’ होतो. आपलाही उमेदवार उभाच राहतो, हा योगायोग मला फार आवडतो.

शिकणाऱ्याची खरी दमछाक होते ती मागे जोडून येणाऱ्या छोट्या शब्दांनी. ‘रन आउट’ म्हणजे साखर संपणे, मुदत उलटणे किंवा फलंदाज धावचीत होणे. ‘रन डाउन’ म्हणजे बॅटरी उतरणे, एखाद्याची निंदा करणे, वाहनाने एखाद्याला धडक देऊन पाडणे किंवा प्रकृती खालावणे. ‘रन इन्टू’ म्हणजे भिंतीवर आदळणे आणि जुना मित्र अचानक भेटणेही. याद्या पाठ करून इथे काही हाती लागत नाही. वाक्यात ‘रन’ होणारी वस्तू कोणती, तिला पाय आहेत, चाके आहेत, की ती पातळ पदार्थ आहे, हे आधी पाहावे. पुढे कर्म आहे का, ते पाहावे, आणि मग जोडशब्दाकडे वळावे. बहुतेक वेळा अर्थ तेवढ्यावरच उलगडतो. मोज्याचा धागा सुटून वरपर्यंत गेलेली रेघ किंवा कोंबड्यांसाठी कुंपण घालून राखलेली मोकळी जागा, यांनाही ‘रन’ म्हणतात. असे अर्थ मात्र एकदा गाठ पडल्याशिवाय कळत नाहीत.

या एवढ्या ढिगातून मराठीने उचलले ते फार थोडे. क्रिकेटचा रन आपण घेतला, आणि ‘धाव’ हा नेटका प्रतिशब्द असतानाही बोलण्यात तोच ठेवला. नव्या यंत्राची ‘ट्रायल रन’ घेतली. संगणकाबरोबर ‘प्रोग्रॅम रन करणे’ आले, आणि तिथे ‘चालवणे’ अगदी चपखल बसत असूनही प्रोग्रॅमवर काम करणारी मंडळी ‘रन करून बघ’ असेच म्हणतात. बाकीच्या शेकडो अर्थांची आपल्याला कधी गरजच भासली नाही, कारण वाहणे, चालणे, उतरणे, संपणे, उलटणे हे शब्द आपापल्या जागी बसलेलेच होते.