आधी टेस्ट, मग कोड: एका बिलिंग टीमबरोबर

पुण्यातल्या एका कंपनीच्या बिलिंग टीमला टीडीडीची, म्हणजे टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंटची, सवय लावायला मला बोलावलं होतं. आधी नापास होणारी टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायची, ती पास होईल इतकाच कोड लिहायचा, मग तो कोड नीटनेटका करायचा. लाल, हिरवं, रिफॅक्टर. पद्धत काही कालची नाही; केंट बेक आणि एरिक गामा यांचं जेयुनिट, म्हणजे जावा कोडच्या टेस्ट चालवायचं साधन, 1997 सालचं.

मी पोचायच्या आधीच वरून फर्मान सुटलं होतं: 80 टक्के कव्हरेज, म्हणजे टेस्ट चालवताना कोडच्या 80 टक्के ओळी चालायला हव्यात. पोरांनी टार्गेट गाठलंही होतं. टेस्ट उघडून पाहिल्या तर कित्येकींत एकही असर्ट, म्हणजे उत्तर बरोबर आलं का हे तपासणारी ओळ, नाही! मेथड (कोडचा एक तुकडा) नुसती बोलवायची आणि गप्प बसायचं. कव्हरेज एवढंच सांगतं की ओळ चालली. बरोबर चालली का, हे त्याच्या गावीही नसतं. तो आकडा काही महिने बाजूला ठेवा आणि सुरुवातीला वेग कमी होईल हे धरून चला, असं मॅनेजरला आधीच सांगून टाकलं.

"मॅडम, कोड लिहायलाच वेळ पुरत नाही, टेस्ट कधी लिहिणार?" हा प्रश्न रास्त होता. स्लाइड दाखवून त्याचं उत्तर मिळत नाही. म्हणून जिरा या कामांच्या नोंदीच्या सॉफ्टवेअरमधलं पुढचंच तिकीट घेतलं, इनव्हॉइस नंबर तयार करण्याचं. एक लॅपटॉप, एक मोठी स्क्रीन, सगळी टीम भोवती, कीबोर्ड आळीपाळीनं.

पहिली टेस्ट: पहिल्या बिलाला 'पीएनई/24-25/000001' हा नंबर मिळावा. (पीएनई हा शाखेचा कोड; रोमनमध्ये मोजलं तर बरोबर 16 अक्षरं.) ती पास करायला एकानं तीच स्ट्रिंग सरळ रिटर्न केली. "ही तर चीटिंग!" म्हणून हशा पिकला. मग दुसऱ्या बिलाची टेस्ट आली आणि खरा कोड लिहावाच लागला.

खरी मजा तारखेनं आणली. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे नंबर आर्थिक वर्षात एकमेव हवा आणि जास्तीत जास्त 16 अक्षरांचा. या टीमची मालिका दर 1 एप्रिलला नव्यानं सुरू व्हायची. पण कोडमध्ये थेट 'लोकलडेट डॉट नाऊ' (आजची तारीख घेणारी आज्ञा) असेल, तर ही टेस्ट चालवायला एप्रिलपर्यंत थांबायचं का? जावा 8 पासून क्लॉक, म्हणजे हवी ती वेळ सांगणारं घड्याळ, बाहेरून देता येतं, ते दिलं. लगेच कुणीतरी विचारलं, की सर्व्हर युटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे त्याचं काय? आपल्याकडे 1 एप्रिलचे पहाटेचे दोन वाजलेले असतात तेव्हा तिथे 31 मार्चचे रात्रीचे साडेआठ. जुना कोड नेमका इथेच चुकत होता, आणि अकाउंट्सवाले दर वर्षी ते नंबर हातानं दुरुस्त करत होते.

तेवढ्यात क्यूएमधली, म्हणजे गुणवत्ता तपासणीतली, मुलगी म्हणाली, "शाखेचा कोड चार अक्षरी असला तर?" मग अक्षरं सतरा! टेस्ट लिहिली, लाल झाली. अकाउंट्सला फोन लावून अनुक्रमांक पाच आकडी केला. अजून एक ओळही प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, गेलेली नव्हती. मला वाटतं, टीडीडीचा निम्मा फायदा असले प्रश्न वेळेवर विचारले जाण्यात आहे.

नवा कोड सोपा, जुन्याचं दुखणं वेगळं. करआकारणीचा एक क्लास हजारो ओळींचा, मध्येच डेटाबेस, मध्येच ईमेल. तिथे जुन्या कोडवर पुस्तक लिहिणाऱ्या मायकेल फेदर्स यांचा मार्ग धरला: कोडनं काय करायला हवं ते राहू दे, आज तो जे करतोय ते टेस्टमध्ये बांधून ठेवायचं, मगच हात लावायचा. शिवाय एक नियम ठरला: बग आला की आधी तो पकडणारी टेस्ट, मग दुरुस्ती. सगळ्यांत पटकन अंगवळणी पडलं ते हेच.

डेटाबेसला हात लावणाऱ्या टेस्ट इतका वेळ खायच्या की लोक त्या चालवायचेच नाहीत. त्या वेगळ्या काढून रात्री आपोआप चालणाऱ्या बिल्डला लावल्या. बाकीच्या काही सेकंदांत संपायला लागल्या, तेव्हा कुठे मंडळी त्या दर बदलानंतर चालवू लागली.

एक सीनियर शेवटपर्यंत कोड आधी आणि टेस्ट नंतरच लिहीत राहिला. मी हट्ट धरला नाही. फक्त एवढंच ठरवलं, की त्यानं कोड मुद्दाम एकदा मोडून टेस्ट लाल होते का ते दाखवायचं. स्क्रीनच्या कामाला टेस्ट आधी हव्यातच असं मलाही वाटत नाही. रिपोर्टच्या स्टोअर्ड प्रोसीजरना (डेटाबेसमध्येच ठेवलेल्या कोडला) मात्र अजून कुणी हात लावलेला नाही. मार्चएंडच्या तोंडावर कुणी लावणारही नाही.