बोआ बेटावरच्या दगडासाठी पाच आठवडे

आई दोन महिन्यांसाठी साताऱ्याहून डब्लिनला आली. आम्हाला बोआ बेटावरची दोन चेहऱ्यांची दगडी मूर्ती पाहायची होती. पण तिथे जायची परवानगी तिच्याकडे होती, माझ्याकडे नव्हती. चार वर्षं मी इथे नोकरी करतेय, कर भरतेय, तरीही.

हे बेट लोअर लॉक अर्न सरोवरात, फर्मॅना काउंटीत आहे. म्हणजे उत्तर आयर्लंड, म्हणजेच ब्रिटनची हद्द. आईच्या आयरिश व्हिजिटर व्हिसावर बीआयव्हीएस, म्हणजे ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेचा शेरा होता. ही सोय भारतीयांना २०१५पासून मिळते: एका व्हिसावर आयर्लंड आणि ब्रिटन दोन्ही, फक्त व्हिसा दिलेल्या देशात आधी उतरायचं. इथे नोकरीसाठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र ती नाही. आपल्याला वेगळा ब्रिटिश व्हिसा लागतो.

सीमेवर चौकी नाही. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगाच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत येतात, एवढंच. त्यामुळे ओळखीचे सगळे "कोण विचारतंय, जा की" म्हणत होते. वर्क परमिटवर राहणाऱ्याने हे अजिबात ऐकू नये. मी ऐकलं नाही, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

अर्ज भरला, बोटांचे ठसे दिले, पासपोर्ट ठेवून घेतला गेला. साधारण तीन आठवडे, असं सांगितलं होतं. चौथा आठवडा उजाडला. मेल केला की तेच उत्तर, अर्ज विचाराधीन आहे. पासपोर्ट परत मागावा तर अर्जच रद्द. आईचं परतीचं तिकीट पाचव्या आठवड्यातल्या रविवारचं. रोज जेवताना ती विचारायची, "आलं का गं काही?" मला रडू यायचं. एका दगडापुढे दहा मिनिटं उभं राहायला मी बँकेचे सहा महिन्यांचे कागद दिले होते! पाहुण्यांचं तिकीट काढायच्या आधीच स्वतःचा अर्ज टाका, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

मधल्या काळात लाउथ काउंटीतल्या मोनास्टरबॉइस या जुन्या मठाच्या जागी जाऊन आलो. ते सीमेच्या अलीकडे, आयर्लंडातच आहे, तिकीट नाही. तिथला मुइरेडाखचा क्रॉस, म्हणजे कोरीव दगडी क्रूस, साडेपाच मीटर उंच, आणि त्याच्या पायथ्याशी कोरलेल्या दोन मांजरी आईला सगळ्यात आवडल्या.

पाचव्या आठवड्यात, गुरुवारी पासपोर्ट आला. शनिवारी पहाटे कॅव्हन, एनिस्किलनमार्गे निघालो. बेट पुलांनी जोडलेलं आहे, गाडी थेट जाते. गवत ओलं असतं, बूट चांगले घाला. कॅल्ड्रा दफनभूमीत तो दगड उभा आहे: जेमतेम पाऊण मीटर, पाठीला पाठ लावलेले दोन चेहरे, बदामी डोळे, छातीवर आडवे हात. डोक्यावरच्या खळग्यात पावसाचं पाणी होतं. शेजारी १९३९ साली लस्टीमोर बेटावरून आणलेली दुसरी, लहान मूर्ती.

टॉर्च न्याच, आणि उजेड समोरून नको, बाजूने धरा. तरच झिजलेलं कोरीवकाम उठून दिसतं. खडूने रेघा भरणं किंवा घासणं मुळीच नको.

आईने चपला काढल्या. "आपल्या गावच्या वीरगळासारखा झिजलाय," म्हणाली आणि हळूच पलीकडच्या चेहऱ्यासमोर गेली. "इकडं धर गं उजेड."