तुम्ही विचारलंत म्हणून: जंगलात कोण पाजतंय औषध?

मी जनावरांचा डॉक्टर आणि प्राणिसंग्रहालयांतली जनावरंही बघितलीत असं कळलं, की कोल्हापुरात कुणीतरी हमखास विचारतं, "जंगलातल्या हरणाला कोण जंताचं औषध पाजतंय वो? मग पिंजऱ्यातल्यालाच कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. दाजीपूरच्या जंगलातल्या गव्याच्या पोटातही जंत असतात. पण गवा चरत चरत पुढं जातो, शेण मागं राहतं. कुंपणातल्या हरणाला पुढं जायला जागाच नसते. जिथं लेंड्या टाकायच्या तिथंच तोंड घालायचं. हरणांच्या पोटाला चार कप्पे असतात, त्यांतल्या चौथ्या कप्प्यात रक्त पिणारा हिमॉन्कस नावाचा जंत असतो. त्याची एक मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. आपल्याकडच्या पावसाळी, उबदार हवेत आठवड्याभरात त्यांतून अळ्या तयार होतात आणि ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. हरीण फिकट पडतं, जबड्याखाली पाणी साचून सूज येते. हे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की निम्मा उपचार फावड्यानं होतो. लेंड्या रोज उचलायच्या, चारा जमिनीवर न टाकता उंच गव्हाणीत द्यायचा, पाणी साचू द्यायचं नाही. वाघ-सिंहांचंही तेच. त्यांच्या गोलकृमींची अंडी मातीत काही वर्षंसुद्धा टिकतात आणि पोटात दिलेल्या औषधानं मातीतलं अंडं मरत नाही. त्यासाठी वरचा थर खरवडून माती बदलावी लागते, सिमेंटच्या फरशीवर ज्योत फिरवावी लागते.

औषध द्यायचं ते आधी विष्ठा तपासून. मिठाच्या दाट पाण्यात विष्ठा कालवली की अंडी वर तरंगतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. "तीन महिने झाले, पाजा" ही पद्धत मला पटत नाही. तेच औषध पुन्हा पुन्हा दिलं, की त्याला न जुमानणारे जंत तेवढे मागं उरतात.

वाघाला देणं सोपं. मांसाच्या एका तुकड्यात फेनबेंडाझोल हे जंताचं औषध घालून सलग काही दिवस द्यायचं. पट्टकृमी, म्हणजे फितीसारखे चपटे जंत असतील तर प्राझिक्वांटेल. हेच फेनबेंडाझोल कबुतरं, करकोचे अशा काही पक्ष्यांना घातक ठरतं, त्यांच्या अस्थिमज्जेवर परिणाम होतो. त्यामुळं एका पिंजऱ्याचं औषध दुसऱ्या पिंजऱ्यात चालेल असं कधीच धरायचं नाही.

सगळ्यात अवघड हरणं. पकडायला जावं तर धावून, घाबरून स्नायूंना अशी इजा होते की जनावर त्यातच दगावतं. मग चाऱ्यातून द्यायचं, तर दांडगा नर आधी येऊन सगळं खातो. ज्या दुबळ्या मादीला खरी गरज, ती लांब उभी. यावर चार-पाच ठिकाणी लांब लांब गव्हाणी मांडायच्या आणि कोण कुठं खातंय ते बघायला माणूस उभा करायचा.

सगळे परजीवी पोटातच असतात असंही नाही. २००० सालच्या जुलैत ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात थोड्या दिवसांत डझनभर वाघ गेले, ते सर्रा या रोगानं. त्याचा परजीवी रक्तात असतो आणि चावऱ्या गोमाश्या तो पसरवतात. तिथं शेण तपासून काय कळणार? रक्ताचा थेंब काचेवर घेऊन बघावा लागतो, तोही वेळेत. पावसाळ्यात वाघ सुस्त पडला, खाणं सोडलं, की मला आधी तीच भीती वाटते.

हरणांना औषध दिल्यावर साधारण चौदा दिवसांनी लेंड्या पुन्हा तपासतात. अंडी पंचाण्णव टक्क्यांनी तरी घटायला हवीत. नाही घटली, तर औषध बदलायचं. पण त्याआधी हरणांची देखभाल करणाऱ्या किपरला विचारायचं, ती लांब उभी राहणारी मादी गव्हाणीपर्यंत आली होती का.