डिक्की शाबूत, बेस दमदार: आमची वाटचाल

लातूरला नांदेड रोडवर आमचं गाडीच्या म्युझिकचं दुकान आहे. पुढं काउंटर, मागं दोन गाड्या उभ्या राहतील एवढं शेड आणि बाजूच्या खोलीत सुतारकामाचं टेबल. डेक, स्पीकर, सेंट्रल लॉक, रिव्हर्स कॅमेरा सगळंच बसवतो. पण हल्ली निलंगा, उदगीर, अहमदपूर, अंबाजोगाईकडून जो गाडी घेऊन येतो, त्याचं मागणं बहुतेक एकच असतं: "डिक्की जाऊ देऊ नका, पण बेस पाहिजे." बेस म्हणजे गाण्यातला खालचा, घुमणारा सूर.

मी आयटीआय करून एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली लागलो, तेव्हा गाडीतलं म्युझिक म्हणजे कॅसेटचा डेक आणि मागच्या काचेखालच्या फळीवर दोन लांबट स्पीकर. काळी-पिवळी जीपवाले हे आमचे हक्काचे गिऱ्हाईक. ज्याच्या जीपमध्ये गाणं चांगलं वाजायचं, त्याची जीप स्टँडवर आधी भरायची. जिथं माणूस कोंबता येत नाही तिथं स्पीकर, एवढाच नियम होता. पुढं एमपी-थ्री सीडी आली, पेनड्राइव्ह आला आणि पोरांना बारा इंची वूफरचं, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचं, वेड लागलं. तोवर मी स्वतःचं दुकान टाकलं होतं. ओळखीचे एक सुतारमामा हाताशी धरले. ते वूफर बसवायला अठरा एमएमच्या एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे, डबे करून द्यायचे, आमच्या घरची मंडळी त्यावर कार्पेट चिकटवायची.

धंदा जोरात होता, पण एक गोष्ट सारखी दिसायला लागली. हौसेनं डबा बसवून गेलेला माणूस काही महिन्यांनी तोच डबा काढायला यायचा. कुणाची बहीण बाळंतपणाला माहेरी यायची असायची, कुणाला आईला घेऊन तुळजापूरला जायचं असायचं, कुणाला पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या बॅगा आणायच्या असायच्या. बारा इंची वूफरचा हवा जायच्या भोकाचा डबा आतून पन्नास-पंचावन्न लिटरचा होतो. लाकडाची जाडी धरली तर बाहेरून आणखी मोठा, आणि वजन वीस किलोच्या घरात. अल्टो के-१० ची अख्खी डिक्की २१४ लिटरची. आता त्यात बॅग ठेवायची का वूफर?

त्यात गाड्याही मागून आखडल्या. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना कर कमी लागतो, म्हणून कंपन्यांनी डिक्कीवर कात्री चालवली. डिझायर २०१२ साली याच हिशेबानं मागून छाटली गेली. त्यावर कडी केली सीएनजीनं. साठेक लिटरची टाकी डिक्कीत आडवी बसली की उरते ती पिशव्या ठेवण्यापुरती फट. टूरवर गाडी लावणारी सगळी मंडळी सीएनजीवर गेली, आणि दिवसाचे बारा-चौदा तास गाडीत तीच बसलेली असतात. गाणं खरं त्यांनाच पाहिजे.

मधली काही वर्षं मात्र गाण्याचं नाव काढायची सोय नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. त्या उन्हाळ्यात आम्ही पाण्याच्या टँकरची वायरिंग केली, हेडलाइट बदलले, पंपाचे स्विच बसवले आणि दुकानाचं भाडं काढलं. आमच्या धंद्याचं पंचांग सोयाबीनवर चालतं. दसऱ्यापासून बाजारात माल उतरला, भाव बरा मिळाला की दिवाळीपर्यंत शेडमध्ये गाड्यांची रांग असते. भाव पडला की लोक फक्त फ्यूज बदलायला येतात. कोरोनाचं वेगळं काय सांगायचं, सगळ्यांचं झालं तेच आमचं झालं.

पण रिकाम्या वेळेचा एक फायदा झाला. कमी जागेत बेस कसा काढायचा, याच्या मागं आम्ही हात धुऊन लागलो.

यातलं गणित थोडं सांगतो, कारण गिऱ्हाइकालाही तेच सांगतो. डबा लहान, आवाज खोल आणि कमी ताकदीत मोठा, या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. लहान डब्यात कोंडलेली हवा कडक होते, कोनला, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, मागं-पुढं हलू देत नाही, म्हणून खालचे सूर काढायला ॲम्पला, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या यंत्राला, जास्त जोर लावावा लागतो. आवाज तीन डेसिबलनं वाढवायचा तर ताकद दुप्पट लागते. सीटखाली बसणाऱ्या चपट्या वूफरमध्ये आठ इंची कोन असतो, बारा इंचीचा कोन त्याच्या सव्वादोन पट. म्हणजे सीटखालचा डबा वरातीतल्या डीजेसारखा छाती हलवणार नाही, हे मी पावती फाडायच्या आधीच सांगून टाकतो. ज्याला तेच पाहिजे, त्यानं डिक्की द्यावी.

मात्र दोन गोष्टी आपल्या बाजूनं आहेत. एक म्हणजे बेसची लाट लांब असते. ५० हर्ट्झची लाट जवळपास सात मीटरची, आणि आपली गाडी चार मीटरच्या आत. एवढ्या खालचा सूर कुठून येतोय हे कानाला ओळखता येत नाही, म्हणून वूफर सीटखाली असला तरी गाणं समोरूनच वाजल्यासारखं वाटतं. दुसरं, बंद आणि लहान केबिनमध्ये खालचे सूर आपोआप चढतात. मोकळ्या हॉलमध्ये जो डबा फुसका वाटेल, तोच काचा वर केलेल्या वॅगनआरमध्ये चांगला भरतो.

आता प्रत्यक्ष काम. सीटखाली बसणारा तयार वूफर सात सेंटिमीटरच्या आसपास जाडीचा येतो, ॲम्प त्याच्या पोटातच असतो. चांगल्या कंपनीचा दहा-पंधरा हजारांच्या घरात जातो. पण खोकं फोडायच्या आधी आम्ही गाडीत पुठ्ठा घालतो. प्रत्येक मॉडेलच्या मापाचे पुठ्ठ्याचे डमी डबे आमच्याकडं भिंतीला टांगलेले आहेत. तो डमी सीटखाली सरकवायचा, मग मालकाला सीटवर बसवायचं. नुसतं बसवायचं नाही, सीट पूर्ण मागं-पुढं सरकवायला लावायची. रिकामी सीट आणि नव्वद किलोचा माणूस बसलेली सीट यात बोट-दोन बोटांचा फरक पडतो, आणि तेवढ्यावरच खेळ असतो. पुठ्ठा दुमडला की समजायचं, इथं जमत नाही. मग मागच्या सीटवर कुणालातरी बसवून पाय कुठं येतात ते बघायचं. काही गाड्यांत मागच्या प्रवाशांसाठी एसीची नळी पुढच्या सीटखालून जाते, जुन्या वॅगनआरला शेजारच्या सीटखाली सामानाचा ट्रे असतो. ते सगळं आधी दिसलं पाहिजे.

सीटखाली पिवळं कपलर, म्हणजे वायरींचा जोड, दिसलं की आमची पोरं हात मागं घेतात. ती एअरबॅगची किंवा बेल्ट ओढणाऱ्या यंत्रणेची वायर असते. तिला ताण द्यायचा नाही, तिच्यातून करंट घ्यायचा नाही, तिच्यावर डबा टेकवायचा नाही. हे मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो, स्क्रू ड्रायव्हर नंतर.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती कुठल्याच कंपनीच्या माहितीपुस्तिकेत नसते. पावसाळ्यात रानातून आलेला माणूस पायाला काळी माती घेऊनच गाडीत बसतो. ती माती सुटत नाही, मॅट ओली राहते आणि ओल थेट डब्याच्या बुडाला लागते. म्हणून डबा आम्ही मॅटवर ठेवतच नाही. खाली रबराचे ठोकळे देऊन बोटभर उचलतो आणि वायर शिरते ती बाजू मागच्या माणसाच्या पायापासून लांब ठेवतो. स्वतः डबा करायचा असला, उदाहरणार्थ जुन्या बोलेरोत मागच्या आडव्या सीटच्या खाली, तर एमडीएफ वापरत नाही. पाणी लागलं की ते फुगतं. तिथं चांगला प्लायवूड, आतून-बाहेरून रंग आणि सांधे सीलबंद. तिरका डबा असला की लिटरचा हिशेब सुतारमामा आजही खडूनं फरशीवर मांडतात. मोबाइलवर दाखवलं तर हसतात, पण उत्तर दोघांचं एकच येतं.

वायरिंगमध्ये आम्ही ऐकून घेत नाही. बॅटरीपासून तांब्याची वायर, आणि बॅटरीच्या जवळच, हात-दीड हाताच्या आत, फ्यूज. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्तात मिळते, जाडही दिसते, पण तेवढा करंट वाहू शकत नाही. एकदा बाहेरगावाहून बसवून आणलेली गाडी आमच्याकडं आली. तक्रार काय, तर वूफर मधूनच बंद पडतो. बॉनेट उघडलं तर फ्यूजचा पत्ता नाही. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला नुसतं भोक पाडून वायर आत ओढलेली, ग्रोमेट, म्हणजे भोकाला लावायची रबरी कडी, नाही. पत्र्याच्या धारेनं प्लास्टिक सोलून तांबं उघडं पडलं होतं आणि भोकाच्या कडेला काळा डाग होता. खड्ड्यातून गाडी उडाली की वायर पत्र्याला लागायची, ठिणगी पडायची. मालकाला तो डाग दाखवला तेव्हा तो म्हणाला, "वास येत होता हो, मला वाटलं क्लचचा आहे." वूफर तोच ठेवला, वायर नवी ओढून दिली.

अर्थिंगसाठी रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर बोल्ट, वूफरपासून जमेल तेवढ्या जवळ. सीट बेल्टच्या बोल्टला मात्र कधीच नाही. करंटची वायर एका बाजूनं, आवाजाची दुसऱ्या बाजूनं, नाहीतर ॲक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून शिट्टी चढत जाते. नव्या गाड्यांत कंपनीचा स्क्रीन काढता येत नाही, तिथं स्पीकरच्या वायरमधूनच सिग्नल घेतो, आणि तोही कपलर लावून. कंपनीची वायर कापली की शोरूमवाले वॉरंटीवरून वाद घालतात, आणि त्यात त्यांचं फार चुकतं असं मला वाटत नाही.

वॅटचा एक हिशेब सगळ्यांनीच ध्यानात ठेवावा. खोक्यावर "१२०० वॅट" छापलेलं असतं आणि आत फ्यूज असतो १५ अँपिअरचा. चालू गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात. पंधरा गुणिले चौदा, २१० वॅट. आतच जेवढी वीज जाते, त्याच्या सहापट आवाज बाहेर कुठून येणार? गिऱ्हाइकाला मी खोकं वाचू देत नाही, फ्यूज वाचायला लावतो.

शेवटी सेटिंग. वूफरचा कट, म्हणजे ज्याच्या वरचे सूर वूफरकडं जाऊ द्यायचे नाहीत ती हद्द, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवतो. तो शंभर-सव्वाशेवर नेला की गाणाऱ्याचा आवाजही सीटखालून यायला लागतो, आणि बाईचा गळा पायाशी ऐकू आला की सगळी मजा जाते. फेजचं, म्हणजे वूफरची लाट उलटी-सुलटी करायचं, बटण दोन्हीकडं करून बघतो, जिकडं बेस भरीव तिकडं ठेवतो. तपासायला पोरं मोबाइलवरची दणकेबाज गाणी लावतात. मी भजन लावतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, त्या थापेचा 'धूम' आला पाहिजे आणि आला तसा थांबलाही पाहिजे. नुसता घुमत राहिला तर सेटिंग बिघडलंय. औशाचे एक कीर्तनकार महाराज गाडी घेऊन आले होते. आधी म्हणाले, "एवढाल्या डब्यातून काय वाजणार हो?" मग डोळे मिटून पूर्ण अभंग ऐकला आणि एवढंच बोलले, "पुडी जरा ओली वाटायली." गेन, म्हणजे वूफरचा जोर, थोडा कमी केला, तेव्हा मान डोलावली. असा कान असलेलं गिऱ्हाईक आलं की दिवस सार्थकी लागतो.

एक काम आम्ही जाणूनबुजून सोडलं. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला मोठे डबे बसवायचं. हंगामात त्यात पैसा चांगला आहे, पण दोन ट्रॉल्या मागं लावून, कानठळ्या बसतील असं गाणं लावून जाणाऱ्या ड्रायव्हरला मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. त्याच रस्त्यावरून आमचीही माणसं जातात. यावरून काही जुने गिऱ्हाईक तुटले.

आता इलेक्ट्रिक गाड्या यायला लागल्यात. त्यांची मोठी बॅटरी पायाखालच असते, म्हणून फ्लोअरला एकही स्क्रू मारायचा नाही, डबा सीटच्या रुळाला पट्टी करून धरायचा. नारंगी केबलला हात लावायचा नाही, करंट फक्त बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरून. आणि इंजिनाचा आवाजच नसल्यानं, दाराचा पत्रा थोडा जरी थरथरला तरी लगेच ऐकू येतो, म्हणून दारात डॅम्पिंग शीट, म्हणजे थरथर दाबणारा थर, लावल्याशिवाय काम पुरं होत नाही. धाकटा भाऊ सध्या हेच शिकतोय.

काम करायचं असेल तर फोन करून या, दसरा-दिवाळीला आठवडाभर आधी सांगा. गाडी धुवून-पुसून, डिक्की रिकामी करून आणू नका. रोज जे सामान असतं ते तसंच राहू द्या. आणि मागच्या सीटवर नेहमी बसणारं घरातलं सगळ्यात उंच माणूस असेल, तर त्यालाही सोबत आणा.