मग शेवटी सोडलंत का त्यांना जंगलात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. हळदीकुंकवाला वाण हातात ठेवता ठेवता विचारलंत, तलावपाळीवर संध्याकाळच्या फेरीत विचारलंत, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा नि कापसाचे बोळे असताना विचारलं, "मग शेवटी सोडलंत का हो त्या चिंपांझींना जंगलात?" मी आं आं केलं. त्यांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला, "वा, पुण्याचं काम" म्हणाले आणि ड्रिल सुरू केलं.

बाकीचं तुम्हाला पाठ आहे. नवऱ्याचं दुआलाच्या बंदरातलं काम, आमची कॅमेरूनमधली सात वर्षं, मी पाचपाखाडीच्या लॅबमध्ये बारा वर्षं लोकांची शी-शू तपासून तिकडे गेले आणि तिकडे सोडवून आणलेल्या चिंपांझींच्या आश्रयकेंद्रातही शीच तपासायला लागले, हे सगळं. ठाण्याची असून वेड्यांच्या इस्पितळाऐवजी माकडांच्या इस्पितळात भरती झाले, हा विनोद आमच्या बिल्डिंगमध्ये तिघांनी स्वतंत्रपणे शोधून काढलाय. तो सोडून देऊ. फक्त ती माकडं नव्हेत. चिंपांझीला शेपूट नसतं.

तर उत्तर 'नाही' असं आहे. माझ्या सात वर्षांत आम्ही एकालाही जंगलात सोडलं नाही. हे ऐकलं की समोरचा "अरेरे" म्हणतो, आणि त्या अरेरेत मी जेलर असते. मला राग येतो तो अशासाठी की ते अगदीच खोटं नाही. कुलपं मी लावायचेच. रोज संध्याकाळी बावीस कुलपं, आणि लावलेलं प्रत्येक ओढून बघायचं.

पिल्लू पकडायचं तर आधी आईला मारावं लागतं. चार-पाच वर्षं ते तिच्या अंगावर पितं, तिला धरून फिरतं, ती ते जिवंतपणी सोडत नाही. आईचं मांस बाजारात जातं. पिल्लाच्या अंगावर मांस ते किती, म्हणून ते जिवंत विकतात. आमच्याकडे यायची ती ही पिल्लं, नाहीतर अशीच पिल्लं कुणाच्या तरी अंगणात साखळीला बांधलेली मोठी होऊन. कुठल्या जंगलातून आणलं हे विकणारा सांगत नाही. कॅमेरूनच्या मधून सनागा नदी वाहते. तिच्या उत्तरेचे चिंपांझी एका उपजातीचे, दक्षिणेचे दुसऱ्या. आता अलीकडचा कोण आणि पलीकडचा कोण, हे त्याच्या तोंडाकडे बघून मी कसं सांगू? बरं, कळलं तरी जंगल म्हणजे मोकळा प्लॉट नव्हे. तिथे आधीच चिंपांझींच्या टोळ्या असतात. त्यांच्यात मुली वयात आल्या की दुसऱ्या टोळीत जातात, मुलगे जन्मभर स्वतःच्याच टोळीत राहतात. परक्या मुलीला एखाद्या वेळी सामावून घेतात. परक्या नराला मारतात, आणि मारतात म्हणजे कित्येकदा जीवच घेतात. काँगोमध्ये कोंकुआतीच्या जंगलात १९९६ ते २००१ या काळात ३७ अनाथ चिंपांझी सोडले होते, वर्षानुवर्षं त्यांच्या मागावर माणसं ठेवून. तिथेही हेच दिसलं. माद्या जंगलातल्यांत मिसळल्या, नरांनी मार खाल्ला.

आणि मी लॅबवाली, त्यामुळे मला धास्ती शिंकेची. युगांडात २०१३ मध्ये माणसाच्या साध्या सर्दीच्या विषाणूने जंगलातल्या एका टोळीतले पाच चिंपांझी मेले. आमचे तर माणसांचं उष्टं खाऊन वाढलेले. त्यांच्या अंगात काय काय असेल, त्यातलं स्लाइडवर दिसेल तेवढंच मला कळायचं.

ही कारणं खरी आहेत. पण तुम्ही विचारलंत की मी ती पाढ्यांसारखी घडाघडा म्हणते ना, ती मध्येच दुसरं काही आठवू नये म्हणून.

२०१४ साली मी मामेबहिणीला एक मेल केला होता. तो तिने जपून ठेवलाय आणि लग्नाकार्यात मला चिडवायला बाहेर काढते. "कुठलाही जीव पिंजऱ्यात राहायला जन्मलेला नाही. आमचं काम पिंजरे रिकामे करायचं आहे." असं मी लिहिलं होतं, खाली तीन उद्गारचिन्हं. त्या बाईशी मला भांडायचं असतं. अगं, दीड वर्ष झालंय तुला तिथे, फ्रेंचमध्ये धड भाजी आणता येत नाही, आणि तू पिंजरे रिकामे करतेस! पण भांडण नेहमी मीच जिंकते असंही नाही. तिच्याकडे निदान एक वाक्य आहे. माझ्याकडे नुसत्या अडचणी.

माझी मावशी ठाण्याच्या मनोरुग्णालयात नर्स होती. तो मेल मी तिला मोठ्या उत्साहाने फोनवर वाचून दाखवला होता. ती म्हणाली, "सोडायचं म्हणजे कुठे सोडायचं गं? आमच्याकडे माणसं बरी व्हायची. डिस्चार्जचा कागद तयार असायचा, न्यायला कुणी यायचं नाही." माणसांची आणि प्राण्यांची अशी तुलना मला पटत नाही. पण ती तिने केली, मी नाही, आणि तिने ती नोकरी तीस वर्षं केली होती.

आता बंड्या.

कागदावर त्याचं नाव जनरल. हायवेवरच्या एका बारच्या मागे तो अकरा वर्षं साखळीला होता. बारवाल्याने त्याला सलाम करायला शिकवलं होतं. गाडीतून कुणी बडा माणूस उतरला की जनरल दोन पायांवर उभा राहायचा, उजवा हात कपाळाला लावायचा, दात दाखवायचा. मग बिअर मिळायची. तो हसतोय असं पाजणाऱ्यांना वाटायचं. चिंपांझी घाबरला की असे ओठ फाकवून दात दाखवतो. वाढदिवसाच्या कार्डांवर तुम्ही बघता ना, तो खदाखदा हसणारा, तो बहुतेक वेळा घाबरलेला असतो.

आला तेव्हा गळ्याभोवती साखळीचा वळ होता, त्यावर केस कधी उगवलेच नाहीत. नव्वद दिवस क्वारंटाइन, टीबीची तपासणी, जंतांची औषधं, सगळं रीतसर झालं. झोपायला पाला आणि फांद्या दिल्या. जंगलातला चिंपांझी रोज रात्री फांद्या वाकवून नवं घरटं करतो, लहानपणी आईचं बघून शिकलेला असतो. बंड्याला फांदीचं काय करायचं तेच कळेना. त्याला मक्याचं एक रिकामं पोतं आवडलं. ते तो जमिनीवर पसरायचा, कडा हाताने सपाट करायचा, बरोबर मधोमध बसायचा आणि चारी टोकं पायांवर ओढून घ्यायचा. पोतं धुवायला नेलं की रात्रभर टक्क बसून.

पुढे दोन म्हाताऱ्या माद्यांशी त्याची ओळख करून दिली, आधी जाळीतून, मग एकत्र. ते जमलं. एकीने पहिल्यांदा त्याच्या पाठीचे केस चाळायला घेतले तेव्हा तो अर्धा तास हललासुद्धा नाही. पण पलीकडे अठरा जणांची टोळी होती आणि हा जाळीला नाक लावून ती बघत बसायचा. डाव्या हाताचे केस स्वतःच उपटायचा. मनगटापासून कोपरापर्यंत टक्कल. ते मी दर सोमवारी अंदाजे सेंटिमीटरमध्ये तक्त्यात भरायचे.

तो तक्ता घेऊन मी मीटिंगमध्ये बसले. म्हटलं, आठ महिने झाले, हा आतल्या आत झिजतोय, पावसाळ्याआधी मोठ्या नराशी याची गाठ घालून द्या, एकदा टोळीत गेला की सुटला. आमच्या सगळ्यात जुन्या रखवालदारांना सगळे पापा म्हणायचे. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला पापाच म्हणतात. ते म्हणाले, "याला अजून बोलता येत नाही." चिंपांझींत धाकट्याने मोठ्यापुढे वाकायचं असतं, धापा टाकत हुं हुं करायचं असतं, हात पुढे करायचा असतो. तो त्यांचा नमस्कार. बंड्याला तो येत नव्हता. पापांचं म्हणणं, आणखी दोन महिने थांबा, म्हाताऱ्या शिकवतील. माझ्याकडे तक्ता होता, पापांकडे नव्हता. मीटिंगमध्ये तक्त्याचं ऐकतात.

सरकत्या दाराची दांडी माझ्या हातात होती. पापा पाण्याचा पाइप धरून उभे. मोठा नर आत आला तो एकदम अंगावर गेला नाही. दारातच थांबला. अंगावरचे सगळे केस उभे राहिलेले, त्यामुळे दुप्पट दिसत होता, आणि डोलत होता. म्हाताऱ्या दोघी लगेच वाकून हुं हुं करत भिंतीकडे सरकल्या. बंड्या पोत्यावर बसला होता. तो उठला. ताठ उभा राहिला. उजवा हात कपाळाला लावला आणि सगळे दात दाखवले.

बडा माणूस आला होता ना.

पुढचं सगळं फार तर चाळीस सेकंदांचं. मागच्या खोलीचं दार उघडून त्याला वाट करून देणं हे माझं काम. मी दांडी ओढली, दार उघडलं, वेळेवर उघडलं, हे मी आजही शपथेवर सांगेन. तो गेला नाही. त्याने दाराकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत होता आणि मार खाता खाता हात पुन्हा पुन्हा कपाळाकडे नेत होता. त्या हाताची दोन बोटं नंतर पोत्यावर सापडली.

पापांनी नराच्या तोंडावर झोत धरून त्याला मागे रेटलं. बंड्या जगला. दोन बोटं गेली, अर्धा कान गेला, टाच तीनदा शिवली, कारण टाके तो रात्रीतून उसवून ठेवायचा. मी रोज जखमेचा स्वॅब घ्यायचे. स्वॅबला तो हात जाळीतून स्वतःहून बाहेर द्यायचा. ते तर सगळ्यात वाईट होतं.

पापा मला एका शब्दाने बोलले नाहीत. आठवड्याभराने म्हणाले, "दोन महिन्यांनी केलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं." तो 'कदाचित' त्यांनी घातला नसता तर मी ते मान्य करून मोकळी झाले असते.

पुन्हा आम्ही त्याला टोळीत घालायला गेलो नाही. म्हाताऱ्या दोघींबरोबर बाजूच्या भागात ठेवला. बाहेर गवत होतं, चढायला लाकडं होती, एक आंब्याचं झाड होतं. दार दिवसभर उघडं. तो सिमेंटच्या ओट्यापर्यंत यायचा, पोतं पसरून बसायचा, खाली उतरायचा नाही. मी तिथून निघेपर्यंत गवताला पाय लावलेला मी पाहिला नाही.

२०१४ची बाई म्हणते, म्हणजे अकरा वर्षं साखळीला आणि उरलेला जन्म ओट्यावर? माणसाच्या देखभालीत चिंपांझी पन्नास-पन्नास वर्षं जगतात, माहीत आहे ना तुला? यालाच तू पुनर्वसन म्हणतेस? मी तिला तक्ता दाखवते. सहा महिन्यांनी डाव्या हातावर लव आली होती. ती म्हणते, पुढचं पान दाखव. पुढच्या पानावर वर्षभराने पुन्हा टक्कल आहे, मग पुन्हा लव. तिथे माझी बदलीची तारीख येते आणि खालचं अक्षर दुसऱ्या कुणाचं.

आम्ही २०१९ मध्ये ठाण्याला परत आलो. त्याच वर्षी ईडीने कोलकात्यातल्या एका प्राणी तस्कराची मालमत्ता म्हणून तीन चिंपांझी आणि चार मार्मोसेट माकडं जप्त केली, मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली. एकेका चिंपांझीची किंमत २५ लाख लावली होती. त्यांना अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलं होतं. ती बातमी बिल्डिंगच्या ग्रुपवर माझं नाव घालून टाकली गेली, "ताई, यांना तरी सोडायला सांगा." कुठे सोडायला सांगू? सुंदरबनात? की आमच्या ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात, गेटवर वेफर्स घेऊन उभ्या असलेल्या लोकांच्या हवाली? ग्रुपवर मी हात जोडल्याची खूण टाकली आणि भांडी घासायला गेले.

आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी नवा वॉचमन आलाय. मुलगा चांगला आहे, पार्सलं नीट ठेवतो. फक्त गेटमधून जाता-येता कडक सलाम ठोकतो, आणि ठोकताना हसतो. मी त्याला दोनदा सांगितलं, मला नको करत जाऊस रे बाबा. कारण काही सांगितलं नाही. सेक्रेटरींकडून कळलं, तो म्हणतो बी विंगच्या मॅडमना फार मिजास आहे. हल्ली मी भाजीला मागच्या गेटने जाते.