तुम्ही विचारलंत म्हणून: तो माजावर असतानाच का?

मी अमेरिकेत, आयोवा राज्यात, धनुष्यबाणाने हरणांची शिकार करते. 'हरीण का मारतेस' असं आता मला कोणी विचारत नाही. ओळखीतल्यांचं ते विचारून झालंय, सोनेरी हरणाचे विनोदही करून झालेत. हल्ली प्रश्न नेमका येतो आणि विचारणाऱ्याने थोडंफार वाचलेलं असतं. वर्षभर तो नर मोकळा फिरतो. मग नोव्हेंबरात तो मादीमागे खुळावलेला असताना, खाण्यापिण्याची शुद्ध नसताना, झाडावर लपून त्याला बाण मारायचा, यात कसली आलीय मर्दुमकी? (मी बाई आहे हे 'मर्दुमकी' म्हणताना कोणाच्या लक्षात येत नाही.) माझ्या भाच्याने तर याला सरळ हनी ट्रॅप म्हटलं.

तर ऐका. बाकीच्या महिन्यांत तो मला सापडतच नाही. दीड वर्षाचा पोरगेला नर ऑक्टोबरात उन्हं उतरायच्या आत सोयाबीनच्या शेतात येऊन उभा राहतो. पाच वर्षांचा व्हाइटटेल (इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण) तसा उभा राहत असता, तर पाच वर्षांचा झालाच नसता. तो अंधार पडल्यावर उठतो, वारा नाकावर घेऊन चालतो आणि उजाडायच्या आत झुडपात परततो. झाडाला बांधून ठेवलेल्या माझ्या कॅमेऱ्यात त्याचे फोटो येतात ते रात्री दोनचे. नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे मात्र तो दिवसाढवळ्या चालतो. मादी माजावर राहते जेमतेम एक-दोन दिवस, आणि तेवढ्यात नर मिळाला नाही तर पुन्हा माजावर यायला तिला महिनाभर लागतो. त्यामुळे त्याला बसून राहणं परवडत नाही. वजनाचा पाचवा हिस्सा झडेपर्यंत तो चालत राहतो.

माद्या बसतात त्या झुडपांच्या वाऱ्याखालच्या अंगाला माझं मचाण असतं. तो आत शिरत नाही, खालून एक फेरी मारून सगळ्यांचा वास घेऊन जातो, हे मला माहीत आहे. म्हणजे हो, मी त्याच्या कमजोरीचा फायदा घेते. माजावरच्या मादीच्या मुताच्या बाटल्या दुकानात मिळतात, त्या मी वापरत नाही. पण त्याचं श्रेय मागायला तोंड नाही, कारण ग्रंट कॉल फुंकून दुसऱ्या नराचा आवाज मी काढतेच.

'मग बंदूक का नाही' याचं उत्तर सोपं आहे. आयोवात शॉटगनचा मोसम डिसेंबरात असतो, नोव्हेंबरातला माज धनुष्यवाल्यांच्या वाट्याला येतो. शिवाय मी सुरुवात केली तेव्हा व्हिसावर होते. बंदूक घ्यायची तर कागदपत्रांची भानगड होती, धनुष्याचं कोणी काही विचारलं नाही. लोकांना याहून उदात्त कारण हवं असतं.

उदात्त कारण मी पूर्वी द्यायचे. 1900 च्या सुमारास आयोवात हरीण जवळपास संपलं होतं, 1953 मध्ये पुन्हा शिकारीचा मोसम सुरू झाला आणि आता गाड्यांवर आदळण्याइतकी हरणं आहेत, तेव्हा संख्या आटोक्यात ठेवायला शिकारी लागतात, वगैरे. यातलं काहीच खोटं नाही. फक्त मोठा नर मारण्याशी त्याचा संबंध नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे तो मारून पुढच्या जूनमधली पाडसं कमी होत नाहीत. संख्येसाठी मादी मारावी लागते. तीही मी मारते, लॉकरमधून (शिकारीचं मांस कापून देणाऱ्या दुकानातून) तिचा खिमा करून आणते, आणि तिच्याबद्दल मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. शिंगं नसली की कणवही आटते वाटतं.

आता 2023 चं सांगते, कारण त्या दिवसानंतर मी हा प्रश्न हसण्यावारी न्यायचं सोडलं.

दिवाळी चंद्रावर चालते आणि या हरणांचा माज सूर्यावर. दिवस ठरावीक लांबीपर्यंत आखडला की तो सुरू होतो, थंडी असो नसो. त्या वर्षी दोन्ही जुळून आलं, लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं. मंडळाच्या फराळाचा आमचा वाटा नवऱ्यावर सोपवून धनत्रयोदशीच्या पहाटे मी वेन काउंटीतल्या एका शेतकऱ्याच्या ओढ्याकाठी, ओकच्या झाडावर हार्नेस बांधून बसले होते.

उजाडल्यावर थोड्या वेळाने मादी आली. शेपूट एका बाजूला वाकडी धरलेली, कान मागे. तिच्या पाठोपाठ तो. मान छातीत उतरून एक झालेली, पोट सुटलेलं, त्यामुळे पाय आखूड दिसत होते. तोंड उघडं होतं आणि दर दोन पावलांना गळ्यातून डुकरासारखा आवाज निघत होता. मादी माझ्या झाडाखालून गेली. तो वीस यार्डांवर आला, मी तोंडानेच 'मॅ' केलं, तो थांबला. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला. त्याने एक उडी घेतली, साठेक पावलं पळाला, उभा राहिला, डोलला आणि पडला. याहून चांगला बाण माझ्या हातून सुटणार नाही.

पडलेला दिसला तरी अर्धा तास खाली उतरायचं नाही, असा माझा नियम आहे. मी वर बसून राहिले. मादी गेली नव्हती. चाळीस पावलांवर उभी राहून त्याच्याकडे बघत होती. इथपर्यंत तुमचा प्रश्न बरोबर होता, आणि माझ्या पोटात कालवत होतं.

मग दुसरा नर आला. अडीच वर्षांचा असेल, शिंगं बारीक. तो मादीकडे गेला नाही, आधी मेलेल्याकडे गेला. कान पाडले, अंगावरचे केस उभे केले, कड दाखवत तिरपा तिरपा चालला. समोरचा उठेना, तेव्हा मान खाली घालून त्याने शिंगं त्याच्या पोटात घातली. मागे सरला, पुन्हा घातली. मेलेलं धूड पाचोळ्यावरून सरकत होतं. मान ढोसली, मांडी ढोसली, डोकं शिंगांत अडकवून पिरगाळलं. हे किती वेळ चाललं सांगता येणार नाही. मी ओरडले असते तर तो पळाला असता. मी ओरडले नाही. का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बघायचं होतं, एवढंच हाती लागतं. थोड्या वेळाने मादी ओढ्याच्या दिशेने निघाली आणि हा तिच्यामागे, तोच आवाज काढत.

सोलताना कातड्याला ताजी भोकं होतीच, शिवाय खांद्यात एक जुनी जखम पुवाने भरलेली, आणि एक शिंग मधेच मोडलेलं. दात पार झिजलेले.

वर्षभर ही गोष्ट मी विजयाने सांगत फिरले. बघा, म्हणायचे, प्रेमबीम काही नसतं, मादी नव्याबरोबर पाच मिनिटांत गेली. पुवाची ती जखम बघता तो हिवाळा काढता ना. कोल्ह्यासारख्या कायोटींनी जिवंतपणी फाडला असता, त्यापेक्षा माझा बाण बरा. मैत्रिणीच्या आई सांगलीहून आल्या होत्या, त्यांनाही सांगितली. त्यांनी निवडलेली मेथी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, ढोसणाऱ्याला माज आला होता. तुला काय आलं होतं?"

मी हसले. बाकीचेही हसले.

गाडीत मी काकूंशी मनातल्या मनात भांडत होते, अजून भांडते. माझ्या बाजूने एवढंच आहे की मी शुद्धीवर असते. म्हणूनच लहान नर खालून जाऊ देते, लांबचा बाण सोडत नाही, वारा फिरला की घरी येते. त्या पोरग्या नराला यातलं काही करता आलं नसतं. पण हेच वाक्य काकूंच्या तोंडी घालून बघितलं की पारडं फिरतं. शुद्धीवर असूनही मारतेस, असंच त्या म्हणत होत्या. आणि 'तो हिवाळा काढता ना' हे मी मांस लॉकरला देऊन आल्यावर बोलायला लागले. मचाणावर मला त्याची जखम दिसलेली नव्हती. मी मारला तो धडधाकट समजूनच.

वय झालेला नरच का, याचंही खरं कारण भीत भीत सांगते. तो अवघड असतो, आणि अवघड ते जमलं की मला बरं वाटतं. मांस त्याचं माजाच्या दिवसांत चिवट लागतं, रस्सा तास-दोन तास जास्त शिजवावा लागतो. मांसासाठी कोणी त्याच्यामागे जात नाही. जो तसं म्हणतो तो खोटं बोलतो, आणि मीही कैक वर्षं बोलले आहे.

मग सोडत का नाहीस, असं आता विचाराल. काकूंनी तेही विचारलं, निघताना, चपला घालता घालता. मी म्हटलं, बघू. ऑगस्टमध्ये लायसन्सची विक्री सुरू झाली तेव्हा दोन टॅग (एकेका हरणाचे परवाने) काढले, एक मादीचा आणि एक कुठल्याही हरणाचा. दुसरा नरासाठीच आहे, हे काकूंना सांगायची गरज नाही.