चौकातल्या फळ्यावर प्रभाग समितीची तारीख

पुण्यातील कोणत्याही वस्तीत एखादा कार्यक्रम ठरला आणि तो शेजारच्या गल्लीत कळला नाही, असे सहसा घडत नाही. रक्तदान शिबिर असो, मुलांची किल्ले स्पर्धा असो, दिवाळी पहाट असो वा कोजागरीचे दुग्धपान. त्याची वेळ आणि जागा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर, चौकातल्या फळ्यावर आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या तोंडून दोन दिवसांत घरोघरी पोहोचते. महापालिकेच्या बातमीला मात्र असा वाहक मिळत नाही. पाणी बंद राहणार असल्याची सूचना तेवढी सर्वांपर्यंत जाते, कारण ती आली की त्याच संध्याकाळी पिंपे भरून ठेवावी लागतात. पदपथाच्या कामाला किती रक्कम मंजूर झाली, ते कोणत्या टप्प्यावर अडले आहे, आपल्या भागातील नगरसेवक आणि अधिकारी जिच्यात एकत्र बसतात त्या प्रभाग समितीची बैठक कधी आहे आणि तिच्यापुढे कोणते विषय आहेत, हे जाणून घेणारी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे की, प्रभाग समितीच्या बैठकीला वस्तीच्या कार्यक्रमांमध्ये स्थान मिळावे, आणि ज्या कार्यकर्त्यांच्या बळावर आपले उत्सव उभे राहतात त्यांनीच तिची तारीखही लोकांपर्यंत न्यावी.

हे आताच मांडण्याला कारण आहे. पुणे महापालिकेच्या मागील सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रभागरचना व इतर मागासवर्गीय आरक्षण यांचे वाद न्यायालयात असल्यामुळे निवडणूक लांबत गेली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. मधल्या जवळजवळ चार वर्षांत कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात तक्रारी घेतल्या गेल्या, दिवे दुरुस्त झाले, रस्तेही झाले. परंतु तक्रार नोंदवणे आणि निर्णयात सहभागी होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नगरसेवकच नसल्यामुळे त्यांच्या समित्याही नव्हत्या, आणि आपल्या भागाचा पैसा कशावर खर्च व्हावा, हे उघडपणे बोलण्याची जी कायदेशीर जागा आहे, तीच या काळात रिकामी राहिली.

ती जागा लहान वाटली, तरी तिला थेट संविधानाचा आधार आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, अनुच्छेद २४३-एस अन्वये तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या स्थापन करणे बंधनकारक केले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम २९-अ मध्ये या समितीची रचना दिलेली आहे. त्या क्षेत्रातील नगरसेवक आणि प्रभागाचा कार्यभार सांभाळणारा अधिकारी हे तिचे सदस्य असतातच. त्याखेरीज त्या क्षेत्रात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त स्वयंसेवी व लोकाधारित संस्थांमधून जास्तीत जास्त तीन जणांचे नामनिर्देशन नगरसेवकांनी करायचे असते. पाणीपुरवठा, मलनिःसारण, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा यांसंबंधीच्या सामाईक तक्रारी तातडीने सोडवणे, आपल्या क्षेत्रातील खर्चाच्या प्रस्तावांवर शिफारशी करणे आणि अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या ठराविक मर्यादेपर्यंतच्या कामांना मान्यता देणे, ही तिची कामे आहेत. आपल्या दारापुढच्या गटाराचा विषय मुख्य इमारतीतील सभागृहापर्यंत न जाता घराजवळच्या क्षेत्रीय कार्यालयात चर्चिला जावा, हा या तरतुदीचा हेतू उघड आहे.

नामनिर्देशित सदस्यांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. नगरसेवकपदाच्या उमेदवारीची चर्चा वर्षभर चालते. पण या तीन जागांवर कोण बसणार, त्यांची संस्था नेमके कोणते काम करते, तिचे काम खरोखर याच भागात आहे काय, हे प्रश्न वस्तीत विचारले जात नाहीत. जी नावे पुढे येतील ती पक्षाच्या यादीतूनच येणार, असे गृहीत धरून आपण मोकळे होतो. मला हे गृहीतक घातक वाटते. ज्येष्ठ नागरिक संघ, अभ्यासिका चालवणारे मंडळ, कचरावेचकांबरोबर काम करणारी संस्था, अशांपैकी कोणीही आपल्या कामाच्या नोंदी घेऊन वेळेत अर्ज केला आणि त्या अर्जाची माहिती वस्तीत सर्वांना असली, तर तो अर्ज बाजूला सारणे निवड करणाऱ्यांना पूर्वीइतके सोपे जाणार नाही.

पुण्यात या समितीचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडले गेले, म्हणजे बहुतेक प्रभागांना चार नगरसेवक आहेत. एखाद्या चौकातील दिवा, त्याखालचे चेंबर आणि त्यालगतचा पदपथ यांबाबत नेमके कोणाकडे जावे, हा प्रश्न नागरिकाला साहजिकच पडतो. एकाकडे गेल्यास तो विषय दुसऱ्याने हाती घेतल्याचे समजते, दुसऱ्याकडे गेल्यास प्रस्ताव कनिष्ठ अभियंत्याकडे असल्याचे कळते, आणि अभियंत्याकडे गेल्यास तरतूदच नसल्याचे उत्तर मिळते. यांपैकी कोणी खोटे बोलत असेलच असे नाही. प्रत्येकाजवळ माहितीचा एकेक तुकडा असतो. प्रभाग समितीच्या बैठकीत मात्र ही सर्व माणसे एका टेबलाभोवती बसतात आणि दिलेले उत्तर इतिवृत्तात नोंदले जाते. इतिवृत्तात आलेल्या वाक्याला पुढच्या बैठकीत तोंड द्यावे लागते, म्हणून एरवी वेगवेगळ्या दारांवर दहा वेळा विचारलेल्या प्रश्नापेक्षा तेथे लेखी स्वरूपात पोहोचलेला एक प्रश्न अधिक काम करतो.

या बैठकीस नागरिकांना उपस्थित राहता येते काय, असे मला नेहमी विचारले जाते. त्याचे उत्तर शोधण्याचा मार्ग माहिती अधिकार कायद्यातच आहे. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या समित्यांचे विवरण स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते, आणि त्यांच्या बैठका जनतेसाठी खुल्या आहेत काय किंवा इतिवृत्ते जनतेला पाहता येतात काय, हेही त्यात नमूद करायचे असते. तेव्हा पहिले पाऊल म्हणून क्षेत्रीय कार्यालयाकडे याच विवरणाची लेखी मागणी करावी. प्रत्यक्ष प्रवेश मिळो वा न मिळो, आपला विषय नगरसेवकामार्फत कार्यक्रमपत्रिकेत घेता येतो आणि इतिवृत्ताची प्रत मागता येते. याशिवाय क्षेत्रीय कार्यालयांत मोहल्ला समितीच्या बैठकांची प्रथा पुण्यात आहे, आणि तेथे नागरिक अधिकाऱ्यांसमोर थेट बसतात. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ती तेथून करावी.

आता पैशाकडे वळतो, कारण वस्तीच्या बातम्यांमध्ये सर्वांत कमी वाचली जाणारी आणि सर्वांत दूरवर परिणाम करणारी बातमी अंदाजपत्रकाची असते. आयुक्त आपले अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, १६ सदस्यांची ती समिती त्यात बदल करते आणि मग ते सर्व नगरसेवकांच्या मुख्य सभेपुढे येते. १ एप्रिलपासून नवे वर्ष सुरू होते. वृत्तपत्रांत एकूण आकडा आणि मोठे प्रकल्प छापून येतात. आपल्या गल्लीचे भवितव्य मात्र ज्या पानांवर असते त्यांना पुण्यात ‘स यादी’ म्हणतात. नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातील कामे आणि त्यांच्यापुढील रकमा या यादीत असतात. बाके, नामफलक, कमानी यांवर किती आणि पावसाळी वाहिन्यांवर किती, हे तेथे स्पष्ट दिसते. वर्षाच्या मध्यात एका कामाची रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवली जाते. त्याला वर्गीकरण म्हणतात. वर्गीकरण नेहमीच गैर नसते, कारण पावसाळ्यात सीमाभिंत पडली तर पैसा कोठून तरी काढावाच लागतो. तरीही ज्या कामाची रक्कम निघून गेली, त्या कामाची वाट पाहणाऱ्या लोकांना ते कळवले जात नाही, ही गोष्ट मला मान्य होत नाही. चार ओळींची ही माहिती चौकातल्या फळ्यावर सहज मावते.

पुण्याने या बाबतीत एकेकाळी देशात पुढचे पाऊल टाकले होते. २००६ मध्ये येथे नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि नागरिकांना आपल्या भागासाठी पाच लाख रुपयांपर्यंतचे काम सुचवण्याची संधी मिळाली. पदपथाची दुरुस्ती, पथदिवे, बसथांब्याची शेड अशी कामे त्यातून सुचवता येतात. हे अर्ज साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात, आणि अनेकदा तेच दिवस गणेशोत्सवाचे किंवा त्याच्या तयारीचे असतात. पुष्कळ जण याकडे अडचण म्हणून पाहतात. माझ्या मते याहून चांगला योग नाही. वर्षभरात जेवढी माणसे क्षेत्रीय कार्यालयाची पायरी चढत नाहीत, तेवढी या दहा दिवसांत मंडपात येतात. आरतीनंतर पंधरा मिनिटे एका टेबलावर कोरे अर्ज, भागाचा एक नकाशा आणि ते भरून देणारे दोन महाविद्यालयीन विद्यार्थी एवढी व्यवस्था केली, तर घरकामाला जाणाऱ्या बायका, रिक्षाचालक आणि भाडेकरू यांच्या सूचनाही पहिल्यांदाच कागदावर येतील. सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३ पासून जी सार्वजनिक वळणाची परंपरा आहे, तिच्याशी हे पूर्णपणे सुसंगत आहे.

अर्थात उत्सव आणि महापालिका यांचे नाते एकतर्फी नाही. मंडपाला महापालिकेची परवानगी लागते, रस्त्यात खोदलेले खड्डे उत्सवानंतर बुजवण्याची जबाबदारी मंडळाची असते, आणि ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास बंदी असून राज्य सरकारला वर्षातील मोजक्या दिवसांसाठीच मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. जे मंडळ आपले खड्डे वेळेवर बुजवते, तेच ठेकेदाराने उखडून ठेवलेल्या रस्त्याविषयी ताठ मानेने विचारू शकते.

ठेकेदाराच्या कामाविषयी विचारण्याची साधनेही आपल्याजवळ आहेत. माहिती अधिकाराच्या व्याख्येतच कामाची पाहणी करणे, अभिलेख तपासणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचा समावेश आहे. कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम सोपवल्याच्या आदेशाची तारीख, कामाची मुदत आणि दोषदायित्व कालावधी या तीन नोंदी मिळाल्या, की पुढचे बोलणे सोपे होते. दोषदायित्वाच्या काळात उखडलेला रस्ता ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. हा काळ कधी संपतो हे वस्तीत कोणालाच ठाऊक नसेल, तर त्याच रस्त्यासाठी पुन्हा निविदा निघते आणि पैसा पुन्हा आपलाच जातो.

काही बातम्यांचे आयुष्य तर फार थोडे असते. झाडे तोडण्याच्या प्रस्तावाची सूचना वृत्तपत्रात दिली जाते आणि झाडावरही लावली जाते. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार हरकत घेण्यास केवळ सात दिवस असतात. खोडावर चिकटवलेला तो कागद सकाळी फिरायला जाणाऱ्या एखाद्याला दिसतो, तो छायाचित्र काढतो आणि गटावर पाठवतो, तेथे हळहळ व्यक्त करणारे पंधरा संदेश येतात, पण उद्यान विभागाकडे लेखी हरकत एकही जात नाही. हळहळीची नोंद होत नाही, हरकतीची होते. फळ्यावर सूचनेबरोबर शेवटची तारीख आणि अर्ज कोठे द्यायचा हे ठळक लिहिले, तर सात दिवस पुरतात.

माझ्या या सूचनेवर घेतला जाणारा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. मंडळे पक्षांशी जोडलेली असतात, अनेक नगरसेवक मंडळांतूनच घडलेले असतात, मग तेच आपल्या माणसाला प्रश्न कसे विचारतील, असे म्हटले जाते. ही अडचण खरी आहे. म्हणून फळ्याचे काम एकट्या मंडळाकडे असू नये. सोसायटी, वस्तीतील बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ आणि अभ्यासिकेतील विद्यार्थी यांनी ते महिन्यागणिक वाटून घ्यावे, आणि फळ्यावर मत न लिहिता तारीख, रक्कम, विषय व निर्णय एवढेच लिहावे. दुसरी अडचण वेळेची आहे. कार्यालयीन वेळेतील बैठकीस निवृत्त लोकच जाऊ शकतात, त्यामुळे त्यांचेच विषय पुढे जातात आणि पहाटे टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईचा विषय मागे पडतो. २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली ती याच उणिवेसाठी होती. काही मतदान केंद्रांच्या परिसरातील सर्व मतदारांनी नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली एकत्र बसावे, अशी तिची कल्पना आहे. खेड्यात ग्रामसभा माहीत नसलेला मतदार सापडणे कठीण, आणि शहरात क्षेत्रसभा माहीत असलेला मतदार सापडणे कठीण, अशी स्थिती आहे. नव्या नगरसेवकांकडे पहिली मागणी कोणती करावी असे मला कोणी विचारले, तर रविवारी सकाळी, शाळेच्या पटांगणात, वस्तीला सोयीच्या वेळी क्षेत्रसभा घ्या, हीच मी सांगेन.

आमच्या गल्लीतील काही जणांनी मिळून येत्या महिन्यापासून फळ्याचा एक भाग या कामासाठी राखून ठेवायचे ठरवले आहे. त्यावर प्रथम तीन गोष्टी येतील: आमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या प्रभाग समितीची पुढील तारीख, आमच्या प्रभागातील ‘स यादी’मधील कामे त्यांच्या रकमांसह, आणि गेल्या दोन वर्षांत झालेल्या रस्त्यांचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो त्याची यादी. शेवटच्या यादीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज तयार आहे. शेजारच्या प्रभागातील कोणाला त्याचा मसुदा हवा असल्यास जरूर कळवावे.